सिस्टर श्वास का मोजतात आणि पाठीवर काय ऐकतात?

हिवाळ्यात मुंबईवर धुरकं उतरलं की दवाखान्यांबाहेर खोकणाऱ्यांची रांग वाढते. 2025 च्या ऑगस्टमध्ये कबुतरांना दाणे टाकणं थांबवायला दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, त्यावरून रस्त्यावर वाद झाले आणि पिसांची धूळ, विष्ठा, फुप्फुसं हे विषय लोकलच्या डब्यातल्या गप्पांत आले. त्याआधी कोविडनं घरोघरी ऑक्सिमीटर नेऊन ठेवला होताच. आता पेशंट दाखल झाला की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, ‘सिस्टर, सॅच्युरेशन किती आहे हो?’

आणि सिस्टर मात्र पेशंटचं मनगट धरून, एक डोळा घड्याळावर ठेवून नुसत्या उभ्या असतात. बघणाऱ्याला वाटतं, नाडी बघतायत. नाडी केव्हाच मोजून झालेली असते. त्या श्वास मोजत असतात.

मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते. टीपीआरच्या चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीत, सगळ्यात जास्त दुर्लक्ष श्वासाकडे होतं. मोठ्या माणसाची तब्येत बिघडायला लागली की बहुतेक वेळा सगळ्यात आधी बदलतो तो हाच आकडा. म्हणून हा विषय घरच्यांनाही कळायला हवा असं मला फार वाटतं.

## पूर्ण एक मिनिट

श्वास आत घेतला आणि बाहेर सोडला की एक मोजायचा. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. नवजात बाळाचा वेग याच्या दुपटीहून जास्त असतो आणि ते नॉर्मलच असतं.

हृदयाचे ठोके आपल्या मनावर चालत नाहीत, श्वास मात्र थोडाफार चालतो. ‘आता तुमचा श्वास मोजते हं’ असं म्हटलं की माणूस लगेच लांब, व्यवस्थित श्वास घ्यायला लागतो आणि आकडा बिघडतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी सिस्टर मनगट सोडत नाहीत. नजर गळ्याच्या हाडाखाली असते, चादरीचा काठ वर येतो आणि खाली जातो त्या जागी. अंगावर जाड ब्लँकेट असेल तर पेशंटचाच हात त्याच्या छातीवर आडवा ठेवतात, नाडी धरल्यासारखं करतात आणि हाताचं वर-खाली होणं मोजतात. या वेळी नातेवाइकांनी ‘जेवण काय देऊ?’ असं विचारलं तर मोजणी पहिल्यापासून करावी लागते, कारण पेशंट उत्तर द्यायला तोंड उघडतो.

पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर का चालत नाही? पंधरा सेकंदांत पाच श्वास आले तर मिनिटाचे 20 होतात, सहा आले तर 24. एकाच श्वासाच्या फरकानं माणूस नॉर्मलमधून धोक्याच्या बाजूला जातो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2012 मध्ये आणलेल्या आणि 2017 मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ या, पेशंटची तब्येत किती बिघडतेय ते गुणांनी सांगणाऱ्या पद्धतीत 12 ते 20 ला शून्य गुण आहेत, 21 ते 24 ला दोन, आणि 25 किंवा त्याहून जास्त असेल तर तीन. आठ किंवा त्याहून कमी असेल तरीही तीन. कुठल्याही एका निकषात तीन गुण आले की डॉक्टरांनी पेशंटला तातडीनं पाहायचं.

शिवाय काही आजारांत श्वास एकसारखा नसतो. हळूहळू खोल होत जातो, मग उथळ होत होत काही सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. हृदय फार अशक्त झालेल्या किंवा मेंदूला मार बसलेल्या पेशंटमध्ये हे दिसतं. पंधरा सेकंद मोजणाऱ्याला यातला एकच तुकडा दिसणार.

एखाद्या चार्टवर सगळ्या खाटांसमोर ओळीनं 20, 20, 20 लिहिलेलं दिसलं तर माझा त्यावर विश्वास बसत नाही. अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेत नाही. पण त्या सिस्टरची बाजूही सांगितली पाहिजे. तीस पेशंटचे श्वास प्रत्येकी एक मिनिट मोजायचे तर त्यालाच अर्धा तास लागतो, आणि त्याच वेळी सलाईन संपलेलं असतं, सक्शन करायचं, म्हणजे कफ नळीनं ओढून काढायचा असतो, नवी ॲडमिशन दारात उभी असते. वॉर्डात नर्स कमी असण्याचा त्रास कुठे होतो असं कुणी विचारलं तर मी याच आकड्याकडे बोट दाखवते.

## ऑक्सिमीटर 97 दाखवतोय, मग काळजी कसली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो रास्तही आहे.

इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पालिकेचं पाणी कमी दाबानं यायला लागलं की वॉचमन पंप जास्त वेळ चालवतो. टाकी भरलेलीच राहते आणि चौथ्या मजल्यावरच्या नळाला काही पत्ता लागत नाही. त्रास सुरू झालाय हे फक्त पंपाशी बसलेल्याला कळतं. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर टाकीची पातळी सांगतो आणि श्वासाचा वेग म्हणजे पंपाची धावपळ. न्यूमोनिया सुरू होताना शरीर आधी वेग वाढवतं आणि त्या जोरावर ऑक्सिजन टिकवतं. वेग 18 वरून 26 वर गेलेला असतो, ऑक्सिमीटरवर अजून 97 असतात. छातीचे स्नायू दमले की मग आकडा पडतो, आणि तो भराभर पडतो. म्हातारपणी तर न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. वाढलेला श्वास आणि असंबद्ध बोलणं एवढीच खूण असू शकते.

2025 च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोमचे, बरेच रुग्ण एकदम आढळले तेव्हा हे ठळकपणे दिसायला हवं होतं. या आजारात नसांवर घाला पडतो आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. फुप्फुसं चांगली असतात, त्यामुळे ऑक्सिमीटर बराच वेळ छान आकडा दाखवत राहतो. अशा पेशंटला एक खोल श्वास घेऊन त्याच श्वासात, साधारण सेकंदाला दोन या चालीनं, एक-दोन-तीन मोजायला सांगतात. धडधाकट माणूस चाळिशीच्या आसपास सहज पोहोचतो. वीसच्या आतच थांबत असेल तर ती धोक्याची खूण आहे. सकाळी तीसपर्यंत जाणारा पेशंट संध्याकाळी अठरावर अडला, तर सिस्टर डॉक्टरांना लगेच फोन करतात.

ऑक्सिमीटरच्या स्वतःच्याही मर्यादा आहेत. बोटं गार असली, गडद नेलपेंट किंवा नखांवर काळी मेंदी असली, रक्तदाब फार खाली गेला असला की तो चुकतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर तो कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय की नाही, हे तो मुळीच सांगत नाही. ऑपरेशननंतर मॉर्फीनसारखं वेदनाशामक दिलेल्या पेशंटचा श्वास मिनिटाला सात-आठवर आला, तरी नाकाला ऑक्सिजन लावलेला असल्यामुळे आकडा 98 राहू शकतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, शांत झोप लागली. त्या वेळी सिस्टर येऊन हलवून उठवतात, हाका मारतात. त्याचा राग मानू नका.

इथे एक कळकळीची विनंती. ऑक्सिजनच्या फ्लोमीटरची चावी नातेवाइकांनी वाढवू नये. वर्षानुवर्षं धूम्रपान केलेल्या किंवा चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) झालेल्या पेशंटसाठी डॉक्टर बहुतेकदा 88 ते 92 एवढंच सॅच्युरेशन ठरवून देतात. त्यांना जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी चढते. पेशंटच्या बोटावर 90 दिसतायत म्हणून माणुसकीनं चावी फिरवणारे भाऊ आणि जावई मी पाहिलेत. हेतू चांगलाच असतो, पण त्यानं पेशंटचा जीव धोक्यात येतो.

## कान लावण्याआधी डोळे

स्टेथोस्कोप कानात जाण्यापूर्वीच अर्धी तपासणी झालेली असते. सिस्टर खाटेशी येऊन ‘काय काका, कसं वाटतंय?’ म्हणतात तेव्हा उत्तराच्या लांबीकडेही लक्ष असतं. काकांनी एका दमात ‘कालच्यापेक्षा बरं आहे, पण रात्री खोकला आला’ असं सांगितलं तर चांगलं. ‘बरं… आहे… पण…’ असं दोन शब्दांमागे थांबावं लागत असेल तर धाप लागलेली आहे, मग ते कितीही बरं म्हणोत.

बसण्याची पद्धत बोलते. दम लागलेला माणूस पुढे वाकून, हात गुडघ्यांवर किंवा टेबलावर टेकून बसतो, कारण त्यानं छातीच्या स्नायूंना टेकू मिळतो. अशा माणसाला ‘आडवे पडा, आराम वाटेल’ म्हणू नये. मानेचे स्नायू ताणलेले, गळ्याच्या हाडांमागचे खळगे प्रत्येक श्वासाला आत जाणारे, नाकपुड्या फुललेल्या, हे सगळं डोळ्यांनाच दिसतं. झोपायला किती उशा लागतात असं विचारतात तेही यासाठीच. परवापर्यंत एका उशीवर झोपणारी आजी आता तीन उशा लावून बसल्या बसल्या रात्र काढत असेल, तर हृदय कमकुवत होऊन फुप्फुसात पाणी साठत असण्याची शक्यता असते. ओठ निळसर झालेत का, हे सावळ्या रंगावर चटकन कळत नाही. तिथे जीभ आणि ओठाची आतली बाजू बघायची.

## पाठीवर, कपड्याच्या आतून, पंखा बंद करून

स्टेथोस्कोपचा जन्म 1816 चा, पॅरिसमधला. रेने लाएनेक या डॉक्टरांना एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं अवघड वाटलं, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी करून ऐकलं आणि आवाज उलट जास्त स्पष्ट आला. हेच लाएनेक 1826 मध्ये क्षयानं गेले.

फुप्फुसांचे खालचे मोठे भाग पाठीकडे असतात. फक्त पुढून, शर्टाच्या दोन बटणांमधून ऐकलं तर त्यांचा जवळजवळ पत्ताच लागत नाही. आडव्या पडून राहिलेल्या पेशंटला बिघाड होतो तो नेमका तिथेच. म्हणून पेशंटला बसवायचं. हात पुढे घेऊन खांदे कवटाळायला सांगायचं, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं बाजूला सरकतात आणि ऐकायला जागा मोकळी होते. स्टेथोस्कोपची चकती तळहातावर घासून थोडी कोमट करायची. मग तोंड उघडं ठेवून नेहमीपेक्षा जरा खोल श्वास. प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण श्वास ऐकायचा, आत जाणारा आणि बाहेर येणारा. उजवीकडे ऐकलं की लगेच डावीकडे त्याच उंचीवर, मग एक पायरी खाली. डाव्या-उजव्याची तुलना हा या तपासणीचा गाभा आहे. फार थकलेल्या पेशंटचं मात्र खालून सुरू करावं, नाहीतर महत्त्वाच्या जागी पोहोचेपर्यंत त्याची ताकद संपते. भराभर खोल श्वास घेऊन चक्कर येते, म्हणून मध्ये थांबायचं.

कपड्यावरून ऐकू नये. सुती कापड चकतीखाली घासलं की अगदी आजारी फुप्फुसासारखी चरचर ऐकू येते. छातीवरचे केससुद्धा तसाच आवाज करतात. ते थोडे ओले केले की आवाज थांबतो. बाईपेशंट असेल तर पडदा ओढून, ब्लाउज मागून सैल करून ऐकायचं. यात संकोच वाटतो हे खरं, म्हणून आधी काय करणार ते सांगायचं आणि लागेल तेवढंच उघडं करायचं. वरचा पंखा खडखडत असेल, शेजारच्या खाटेवर मोबाईलवर मालिका चालू असेल, तर दोन मिनिटं बंद करायला सांगतात.

## आवाज कोणते आणि ते काय सांगतात

निरोगी फुप्फुसाच्या कडेला मऊ, वाऱ्याच्या झुळकीइतका हलका आवाज येतो. आत घेताना लांब, सोडताना आखूड. दोन्ही बाजूंना तो सारखा आला की सिस्टर ‘एअर एन्ट्री इक्वल’ लिहितात.

वॉर्डात क्रेप्स म्हणतात त्या बारीक फुटक्या आवाजाची ओळख घरी करून घेता येते. कानाजवळचे चार केस दोन बोटांत धरून चोळा. असा आवाज श्वास घेताना ऐकू आला तर हवेच्या बारीक पिशव्या मिटलेल्या आहेत आणि एकेक करून उघडतायत. मग सिस्टर पेशंटला खोकायला लावतात आणि पुन्हा तिथेच ऐकतात. खोकल्यावर आवाज गेला किंवा बदलला तर तो बहुधा कफाचा होता. गेला नाही तर न्यूमोनिया, फुप्फुसात साठलेलं पाणी किंवा फुप्फुस कडक होणं यांचा विचार डॉक्टर करतात. दोन्ही बाजूंना तळाशी असेल आणि पायांना सूज असेल तर हृदयाकडे लक्ष जातं.

कबुतरांचा संबंध इथे येतो. काही लोकांच्या फुप्फुसांना कबुतरांच्या पिसांतल्या आणि विष्ठेतल्या प्रथिनांचं वावडं असतं. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतं त्यांचं फुप्फुस वर्षानुवर्षांच्या संपर्कानं दाहून शेवटी कडक होऊ शकतं. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, आणि पाठीच्या तळाशी श्वासाच्या अखेरीस तो बारीक चुरचुरता आवाज. बसल्या जागी सॅच्युरेशन ठीक असतं, चालल्यावर उतरतं. म्हणून सिस्टर पेशंटला बाथरूमपर्यंत चालवून आणतात आणि परत मोजतात. खिडकीच्या ग्रिलवर कबुतरं बसतात का, एसीमागे घरटं आहे का, हे मुंबईत प्रत्येक जुनाट खोकल्याच्या पेशंटला विचारायलाच हवं.

शिट्टीसारखा बारीक सूर, बहुतेकदा श्वास सोडताना, म्हणजे श्वासनळ्या आवळल्या आहेत. दम्याचा हा ओळखीचा आवाज. जाडसर घरघर म्हणजे मोठ्या नळ्यांत कफ. श्वास घेताना गळ्याशी, स्टेथोस्कोपशिवायही ऐकू येणारी कर्कश शीळ मात्र वेगळी: तिथे वरची वाटच अरुंद झालेली असते आणि हातात वेळ थोडा असतो. लहान मूल खेळता खेळता एकदम ठसकलं आणि नंतर एकाच बाजूला शिट्टी ऐकू आली किंवा हवाच कमी ऐकू आली, तर शेंगदाणा किंवा चण्याची डाळ नळीत गेली असण्याचा संशय घेतात. मोठ्यांत अशी वस्तू जास्त करून उजवीकडे जाते, कारण तिकडची नळी रुंद आणि सरळ असते.

सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती आवाज नसण्याची. एका बाजूला काहीच ऐकू येत नसेल तर फुप्फुसाभोवती पाणी किंवा हवा साठलेली असू शकते. दम्याचा पेशंट मघापर्यंत शिट्टी वाजवत धापा टाकत होता आणि आता छाती शांत आहे, श्वासही मंदावलाय, तो पेंगतोय. नातेवाईक हुश्श करतात. पण आवाज व्हायलासुद्धा हवा आत-बाहेर जावी लागते. ती जाणंच थांबत आलंय. या क्षणी डॉक्टर धावत यावे लागतात.

## हे तर डॉक्टरांचं काम ना?

निदान करणं डॉक्टरांचं काम, यात शंका नाही. ‘न्यूमोनिया आहे’ असं सिस्टर लिहीत नाहीत. ‘उजवीकडे खाली क्रेप्स, खोकल्यावर कायम, श्वास 26, सकाळी 18 होता’ असं लिहितात आणि कळवतात. डॉक्टर राउंडला येतात, जातात. खाटेपाशी चोवीस तास पाळीपाळीनं असते ती नर्स. सकाळच्या सिस्टरनं ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पेशंट पुढच्या सिस्टरकडे सोपवताना, ‘छाती क्लिअर होती’ सांगितलेलं असतं, म्हणूनच रात्रीच्या सिस्टरला फरक कळतो. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून पेशंट उथळ श्वास घेतो आणि तळाशी हवा कमी ऐकू येते. तेव्हा नर्सच त्याला बसवते, टाक्यांवर उशी दाबून खोकायला शिकवते, श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र पुन्हा हातात देते. ते बाजूला ठेवलेलं दिसलं तर घरच्यांनीही आग्रह करावा.

## एक्स-रे काढला की कळेलच की!

एक्स-रे हवाच, पण तो एका क्षणाचा फोटो असतो. दम्याच्या झटक्यात तो बऱ्याचदा नॉर्मल येतो. आणि दर चार तासांनी तो काढत कुणी बसत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. स्टेथोस्कोपनं छाती साफ ऐकू आली म्हणजे आजार नाही, असं समजू नये. क्षयरोगात सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही असं पुष्कळदा होतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप, वजन कमी होतंय, तर छाती कितीही क्लिअर असो, थुंकीची तपासणी करून घ्यायची. सरकारी आणि पालिकेच्या केंद्रांत ती मोफत होते.

## घरी मोजायचं असेल तर

दहा मिनिटं शांत बसू द्या. जिना चढून आलेल्या किंवा नुकत्याच जेवलेल्या माणसाचा आकडा धरू नका. टीव्ही बघत असताना, त्याला न सांगता, पूर्ण मिनिट मोजा आणि वेळेसकट लिहून ठेवा. बरं असतानाचा आकडा माहीत असेल तर आजारपणातला फरक डॉक्टरांना लगेच कळतो.

लहान मुलाचा श्वास तो झोपलेला किंवा आईच्या मांडीवर शांत असताना, झबलं वर करून मोजायचा. रडताना मोजलेला उपयोगाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगात आहे. सोबत खोकला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल किंवा दूध ओढत नसेल, तर आकडा मोजत बसू नका, थेट रुग्णालयात न्या.

मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीतही 25 च्या वर असेल, वाक्य पुरं होत नसेल, ओठ-जीभ निळसर असेल, किंवा एरवी नीट बोलणारा माणूस भ्रमिष्टासारखं करायला लागला असेल, तर 108 ला फोन करा. फोनवर ‘दम लागलाय’ एवढंच न सांगता वय, मिनिटाला किती श्वास, बोलता येतंय का आणि कधीपासून, हे सांगा. रुग्णवाहिका येईपर्यंत बसवून ठेवा, पुढे टेबल किंवा उशी द्या, गर्दी हटवा. जिन्यानं चालवत खाली आणू नका. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणा.